ईशान्येचा ढाळ

मी एका दुधाच्या कारखान्यात सांडपाण्याचं बघते. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचा रस संपतो, म्हणून मी सहसा सांगत नाही. काशीत दुर्गाघाटाच्या आमच्या गलीत मला सगळे 'दूधवाली इंजीनियर' म्हणतात आणि आमच्याकडे रोज फुकटचं लोणी येत असणार अशी त्यांची पक्की समजूत आहे. दुधाशी माझा संबंध ते सांडल्यावर सुरू होतो, हे मी किती जणांना समजावत बसू?

टाक्या धुतलेलं गरम पाणी, धुण्याचा कॉस्टिक सोडा, पनीर गाळून उरलेलं आंबट पाणी, साय, तुपाचा ओघळ, हे सगळं शेवटी जमिनीवर येतं. जमिनीवर आलेलं निघून गेलं पाहिजे, आणि ते आपणहून गेलं पाहिजे. फरशीला बारीकसा उतार द्यायचा, त्याला ढाळ म्हणतात. ढाळाच्या पायथ्याशी जाळीची नाली, नालीलाही ढाळ, पुढे पाइप, पाइपालाही ढाळ, आणि सगळ्यात खालच्या जागी हौद. मध्ये कुठं पाइपाला पोट आलं की पाणी तिथं थबकतं, त्यावर साय धरते, साय कुजते आणि आठवडाभरात अख्ख्या विभागाला वास मारायला लागतो. मी गवंड्यांच्या डोक्यावर उतार तपासायची पाणसळ घेऊन उभी राहायचे ती एवढ्यासाठीच. पाठीमागे ते मला काय म्हणायचे ते मला माहीत आहे. म्हणोत बापडे.

उताराचं मला एक आवडतं. त्याला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, त्याच्यावर ओरडावं लागत नाही. एकदा नीट दिला की तो तुमची सुट्टी असतानाही काम करतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या शब्दाला न सांगता मान देणारा तेवढा तोच निघाला.

आता अण्णांचं सांगते, कारण हे सगळं त्यांच्यापासून सुरू झालं. अण्णा म्हणजे माझे वडील. आमची कितवी पिढी काशीत आहे ते विचारलं तर अण्णा बोटं मोजायला बसतात आणि मग चहा गार होतो. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाय टाकला की हिंदी, असं आमचं घर. अण्णा भिक्षुकी करतात. मुंजी, लग्नं, वास्तुशांती, आणि देशावरून कुणी अस्थी घेऊन आलं तर तेही. त्यांचा शब्द या गलीत कुणी मोडत नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, म्हणजे त्यांचा शब्द मोडणारी मी एकटीच.

कारखान्याचे मालक, आम्ही सगळे त्यांना सेठजी म्हणतो, श्रद्धाळू माणूस. पनीरचा नवा विभाग बांधायचा ठरला तेव्हा त्यांनी वास्तुपूजेला अण्णांनाच बोलावलं. 'दक्खिनी पंडित' म्हणून त्यांना फार कौतुक. नकाशा मी काढला होता. फरशीचा ढाळ नैऋत्येला, कारण आमची सगळी जमीन तिकडेच उतरते आणि सांडपाणी शुद्ध करायचा मोठा हौदही तिकडेच आहे. पूजा झाली, प्रसाद झाला, आणि सेठजींनी हात जोडून विचारलं, "पंडितजी, और कोई आदेश?" अण्णांनी उपरणं सावरत जन्मभर प्रत्येक घरात सांगितलेलं तेच सांगितलं. पाणी ईशान्येला जाऊ द्या. उतार ईशान्येला ठेवा, भरभराट होईल.

झालं. दुसऱ्या दिवशी सेठजींनी माझ्या नकाशावर बोट ठेवलं आणि ढाळ उलटा फिरवायला सांगितलं.

मी काय कमी भांडले? ईशान्येचा कोपरा उंचावर आहे, म्हटलं. तिथून पाणी कुठंच जाणार नाही, खड्डा खणावा लागेल, त्यात पंप बसवावा लागेल, तो पंप तेच पाणी पुन्हा नैऋत्येला ढकलणार, मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? सेठजी हसले. "मैडम, बेटी होकर बाप की बात काटेंगी?" त्यावर विभागातली सगळी माणसं हसली. घरी येऊन अण्णांना सांगितलं तर ते पानाला चुना लावत म्हणाले, "ईशान्य म्हणजे ईशान्य. त्यात तुझं इंजिनिअरिंग कुठं आलं?" मी ताट वाढलं.

तेव्हापासून तो खड्डा माझ्या मानगुटीवर बसला. माणूस उभा राहिला तर डोकं दिसणार नाही इतका खोल, वर लोखंडी झाकण. पनीरचं पाणी त्यात पडायचं, गार व्हायचं, स्निग्ध सगळं वर येऊन घट्ट व्हायचं आणि पंपाच्या तोंडात बसायचं. पंप गुरगुरायचा आणि बंद पडायचा. मी मोठा पंप आणवला, आधी जाळी लावली, चरबी अडवायला छोटा कप्पा बांधून घेतला, गरम पाणी सोडून पाहिलं. थोडे दिवस बरं जायचं, मग येरे माझ्या मागल्या. आणि वीज गेली की विचारूच नका. खड्डा काठोकाठ भरायचा आणि पाणी आल्या वाटेनं फरशीवर परतायचं.

मग त्यात माणूस उतरायचा.

त्याला सगळे 'ड्रेनवाला' म्हणत. पलीकडच्याच गावचा, चाळिशीतला, अंगानं किडकिडीत, म्हणूनच त्या झाकणातून आत जायचा. बादलीनं गाळ वर द्यायचा, पंपाचं तोंड हातानं मोकळं करायचा आणि वर येऊन नळाखाली बसायचा. कुजलेल्या दुधातून जो वायू निघतो त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. वास येतोय तोवर ठीक, असं लोकांना वाटतं. खरी भीती तो यायचा थांबला की असते, कारण नाक मरतं आणि वायू तिथंच असतो. हे मी त्याला सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली होती. पोट भरायचं असलं की माणूस कशालाही मान डोलावतो.

मी एक नियम केला होता. कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, आणि वर दोघांनी दोर धरायचा. त्यावरून माझी चेष्टा व्हायची. "मैडम कुएँ से बाल्टी निकलवा रही हैं," असं म्हणायचे. चेष्टा करायचे पण दोर बांधायचे, म्हणून मी ऐकून घेत असे.

उन्हाळ्यातली दुपार होती. खड्डा भरला होता, ड्रेनवाला उतरला होता, मी नालीच्या जाळीपाशी उभी होते. दोन बादल्या वर आल्या. तिसरी आलीच नाही. दोर धरलेल्या एकानं हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. वाकून बघितलं तर तो भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर. दोर धरणारा दुसरा आपला दोर टाकून आत उडी मारायला निघाला आणि मी त्याची कॉलर धरली. माझ्या अंगात एवढी ताकद कुठून आली मला माहीत नाही. "खींचो," एवढंच मी म्हणत होते. ओढला. वर काढून मोकळ्या हवेत पंख्यासमोर ठेवला, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बघून जरा ओशाळला आणि म्हणाला, "नींद आ गई थी, मैडम."

मी आतून हादरले. रागावलेही, कुणावर ते ठरवता येईना. त्याला दवाखान्यात पाठवला, झाकण लावलं, त्याला कुलूप ठोकलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

सेठजींनी संध्याकाळी बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. ड्रेनवाल्याचा दवाखान्याचा खर्च त्यांनी न मागता केला होता. पण रोज सकाळी दुधाच्या गाड्या लागतात, पनीर निघतं, पाणी कुठंतरी जायलाच हवं. थोडे दिवस उपसा करणारी गाडी बोलवू, म्हणाले. कायमचं ते जमणार नाही. "ताला खोलिए मैडम, नहीं तो हम दूसरा आदमी बुला लेंगे. आदमी की कमी है क्या?"

"ढाळ फिरवा," मी म्हटलं. "खड्डाच नको. नैऋत्येला पाणी आपणहून जाईल. फरशी फोडावी लागेल, विभाग बंद ठेवावा लागेल, पण परत कुणाला उतरावं लागणार नाही."

सेठजी बराच वेळ टेबलावरच्या गणपतीकडे बघत राहिले. तो विभाग सुरू झाल्यापासून धंदा वाढला होता, मुलीचं चांगल्या घरी लग्न झालं होतं. या सगळ्याचं श्रेय ईशान्येला होतं. शेवटी म्हणाले, "पंडितजी के मुँह से निकली बात है. पंडितजी खुद कह दें तो कल तुड़वा दूँ. आपके कहने से नहीं."

घ्या. म्हणजे एका माणसाचा जीव आता माझ्या बापाच्या तोंडात होता, आणि माझ्या बापानं उभ्या आयुष्यात दिलेला शब्द कधी मागे घेतला नव्हता.

त्या दिवशी घरी यायला जिवावर आलं. मुख्य रस्त्यावर ऑटो सोडला की पुढे आमच्या गल्ल्यांतून चालतच यावं लागतं. संकठेच्या देवळाशी मंगळवारची गर्दी होती, पुढे एक प्रेत मणिकर्णिकेकडे चाललं होतं, भिंतीला चिकटून उभी राहिले. खांद्यावरची पर्स जड वाटत होती. त्यात एक किल्ली जास्त होती, एवढंच.

अण्णा दालानात बसले होते. मी सगळं सांगितलं. खड्डा, दोर, बसलेला माणूस, 'नींद आ गई थी', सेठजींची अट. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांचं ऐकणं असंच असतं, समोरच्याला वाटतं झोपले.

"घराला आणि कारखान्याला वेगळं शास्त्र नाही," ते म्हणाले.

"अण्णा, आपल्या इथून ईशान्येला काय आहे?"

"गंगा. खाली पायऱ्या, गंगा, आणि ती पुलाकडे वळून तशीच ईशान्येला जाते. लहान मूल सांगेल."

"म्हणून आपल्या घाटावर ज्यांना ज्यांना तुम्ही ईशान्य सांगितलीत त्यांचं पाणी गेलं. जमीनच तिकडे उतरते. पण आमचा कारखाना पुलापलीकडे आहे. तिथून गंगा कुठं?"

त्यांनी डोळे उघडले होते.

"पश्चिमेला," मीच म्हटलं. "तिथली जमीन इकडे तोंड करून उतरते. तुम्ही नदीच्या या काठाचा ढाळ त्या काठाला सांगून आलात."

"शास्त्र दिशा सांगतं. नदी सांगत नाही."

इथं माझा तोल गेला. दिवसभराचा शीण होता, भूक होती, आणि तो भिंतीला टेकलेला माणूस डोळ्यांसमोरून हलत नव्हता. "मग त्या शास्त्रात खड्ड्यात कोण उतरणार तेही लिहिलं असेल," मी म्हटलं. "ते पान तेवढं मला दाखवा."

अण्णा उठले आणि आत गेले. जेवायला बसले नाहीत. मीही बसले नाही. भात तसाच राहिला. बापाशी असं बोलायला नको होतं असंही वाटत होतं आणि बोलले ते बरं केलं असंही वाटत होतं, आणि दोन्हींचा मला सारखाच कंटाळा आला होता.

सकाळी मी निघाले तर अण्णा दारात उभे. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात छत्री.

"चल," म्हणाले. "खड्डा बघायचाय."

गल्लीतून चालताना त्यांचे गुडघे दुखत होते ते दिसत होतं, पण मी हात दिला तर त्यांनी घेतला नाही. पूल आला तेव्हा त्यांनी ऑटोवाल्याला हळू घ्यायला सांगितलं. नदीकडे बघितलं, मग मागे वळून आमच्या काठाकडे, मग पुन्हा समोरच्या. पूजेच्या दिवशी त्यांना सेठजींच्या गाडीतून नेलं होतं आणि पुलावर ते बहुधा जप करत होते.

कारखान्यात धावपळ झाली. सेठजी स्वतः दारापर्यंत आले, पाया पडले, खुर्ची मागवली. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. सरळ ईशान्येच्या कोपऱ्यात गेले आणि मला म्हणाले, "उघड."

मी कुलूप काढलं. दोघांनी झाकण बाजूला केलं. वास असा आला की सेठजी चार पावलं मागे सरले. अण्णांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं आणि वाकून आत बघत राहिले. ज्या माणसाला सोवळ्यात असताना माझा हात लागला तरी पुन्हा आंघोळ लागते, तो माणूस त्या घाणीवर ओणवा झाला होता. मला भीती वाटली तोल जाईल.

"कौन उतरता है?" त्यांनी विचारलं.

ड्रेनवाला दुसऱ्याच दिवशी कामावर परतला होता, मागे नळापाशी उभा होता. पुढे आला, पण जरा लांबच थांबला, हात जोडून. अण्णांनी त्याला नीट पाहून घेतलं.

"कितनी बार उतरे हो?"

तो गोंधळला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

"गिने नहीं, पंडितजी," तो म्हणाला.

अण्णांनी उपरणं नाकावरून काढलं. वळले, आणि सेठजींना म्हणाले, "हमसे गलती हुई है. हमने अपने घाट का ढलान आपको दे दिया. इसको तुड़वा दीजिए."

सेठजी पार हवालदिल झाले. "लेकिन पंडितजी, वो पूजा..."

"पूजा ठीक थी. ढलान गलत था."

"तो तोड़ने का कोई मुहूर्त?"

"आज," अण्णा म्हणाले.

जन्मभर मी या माणसाशी वाद घालत आले, आणि आज तो माझ्या बाजूनं बोलला तर मला ते बघवेना. आपली चूक झाली असं चारचौघांत म्हणताना अण्णा एकदम म्हातारे दिसले. मी त्यांना ऑटोत बसवून दिलं. या वेळी त्यांनी हात घेतला.

फरशी फुटली. विभाग बंद राहिला, सेठजींची चिडचिड झाली, मी रोज धुळीत. जुन्या लाद्या उचलल्या, नैऋत्येकडे नवा ढाळ धरला, नाली खणली, पाइप टाकला. प्रत्येक जोडावर मी पाणसळ ठेवून बघितली आणि गवंड्यांनी प्रत्येक वेळी एकमेकांकडे बघितलं. ज्या दिवशी पहिल्यांदा टाक्या धुतल्या त्या दिवशी मी भिंतीशी उभी होते. वाफाळतं पांढरट पाणी फरशीवर पसरलं, क्षणभर जागीच थांबल्यासारखं झालं, आणि मग निघालं. नालीत पडलं, जाळीखालून गेलं, पाइपात शिरलं, पलीकडच्या हौदात पडल्याचा आवाज आला. ना पंप, ना वीज, ना माणूस. आनंद झाला का? झाला असेल. पण पाय इतके दुखत होते की मी तिथंच एका क्रेटवर बसले.

तेवढ्यात ड्रेनवाला आला. हातात टॉवेल पिळत उभा. "मैडम, अब हमारा काम?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याचा जीव वाचवायला निघाले होते आणि त्याला वाटत होतं मी त्याची नोकरी घालवली. दोघांचंही खरं होतं. सेठजींकडे जाऊन पुन्हा तोंड वाजवलं, आता तो क्रेट धुण्याच्या विभागात आहे. तिथं पाणी घोट्यापर्यंत असतं आणि वर आकाश दिसतं. नाव मात्र अजून ड्रेनवालाच आहे.

जुना खड्डा मातीनं बुजवायचा होता. अण्णांना विचारलं, काही पूजा वगैरे? ते नको म्हणाले. बुजवा, म्हणाले, बस झालं.

बातमी पसरायची ती पसरलीच. सेठजींनी कौतुकानंच सांगितलं असेल, 'पंडितजी ने खुद गलती मानी,' पण गोष्ट एका कानातून दुसऱ्यात जाताना कौतुक गळतं. ठठेरी बाजारातल्या एका जुन्या घरानं पुढच्या वास्तुशांतीला दुसरे गुरुजी बोलावले. अण्णांनी ते मनावर घेतलं नाही असं दाखवलं. आता ते कुणाकडे गेले तर आधी विचारतात, पाणी कुठं जातं? लोक चकित होतात. पंडितांनी नळाचं काय विचारायचं, असं त्यांना वाटतं. बहुतेकांना आपलं पाणी कुठं जातं ते ठाऊकच नसतं. जातं ना, बस.

आमच्या गलीत गटाराचं एक चेंबर आहे, आमच्या खिडकीच्या बरोबर खाली. ते अधूनमधून तुंबतं. मग सफाईची दोन माणसं येतात, एक झाकण उघडून आत उतरतो, दुसरा वर राहतो. चेंबर उघडलं की वास घरात येतो, म्हणून अण्णा खिडकी लावून घेतात. मी लहान होते तेव्हापासून लावून घेतात. मलाही त्यात कधी काही वाटलं नव्हतं. त्या वासाचा मला तर पगार मिळतो, घरी तरी नको, एवढंच.

परवा पुन्हा तुंबलं. सकाळची वेळ, अण्णांची पूजा आटोपत आली होती, मी स्वयंपाकाच्या चौक्यात नैवेद्याचं वाढत होते. खाली झाकण सरकल्याचा आवाज झाला. वास आला. मी वाट बघितली, खिडकीचा आवाज येईना. ताट घेऊन बाहेर आले तर अण्णा खिडकीत उभे, अंगावर सोवळं, हातात पळी तशीच.

खाली गलीत, चेंबरच्या तोंडाशी, एकच माणूस दिसत होता. दोर नव्हता. हातात बादली.

"भैया," अण्णांनी वरून विचारलं, "नीचे कौन है?"

त्या माणसानं वर पाहिलं. त्याला वाटलं वासाबद्दल ओरडणार. "बस हो गया बाबा, अभी बंद करते हैं."

"नहीं, नहीं. नीचे कौन है?"

"हमारा भाई है."

अण्णांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "आपल्याकडे दोर आहे का गं? विहिरीचा होता तो?"

माळ्यावर होता. मी ताट खाली ठेवलं, दोर काढला आणि खिडकीतून खाली सोडला. त्या माणसानं तो हातात घेतला, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता चेंबरमध्ये टाकला. आतून कुणीतरी तो ओढून बघितला.

अण्णा खिडकीतून हलले नाहीत. खालून एकेक बादली येत होती. तो भाऊ वर येऊन गलीत बसेपर्यंत ते तिथंच उभे होते, दोराचं आमच्याकडचं टोक हातात धरून. अण्णांच्या ऐंशी वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी आमच्याकडे नैवेद्याला उशीर झाला.